वीज गेली की लाजणारे काका

अख्ख्या जयपुरात वीज गेल्यावर लाजणारा एकच माणूस होता, आणि तो विद्याधर नगरात माझा घरमालक होता. काका मूळचे वर्ध्याचे. वीज मंडळात इंजिनिअर म्हणून आले आणि तिथलेच झाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी दिवे गेले की बाहेर येऊन शेजाऱ्यांना "माफ करना भाईसाब, अभी आ जाएगी" असं सांगत फिरायचे. सोडाला भागातल्या एका लग्नात ऐन फेऱ्यांच्या वेळी अंधार झाला, तर हे वरपित्यासमोर हात जोडून उभे! वरपित्याला वाटलं, यांनीच काही बिघडवलं. त्याने त्यांना असं झापलं की काकू म्हणाल्या, "अहो, दिसेल त्या अंधाराची जबाबदारी घेऊ नका. चला, आइस्क्रीम वितळतंय."

बीडकडच्या लहान गावातून शिकून मी जयपूरला विमा कचेरीत लागलो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, याचा आनंद माझ्या वडिलांइतकाच काकांना झाला. मला हाकही "अहो पदवीधर!" अशीच मारायचे. पंखा थांबताना कसा आवाज करतो त्यावरून बिघाड कुठे आहे ते आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. डोळे मिटून म्हणायचे, "आमेरच्या बाजूला लाइन तुटली." तोवर काकू जिन्याखाली जाऊन आमचाच उडालेला फ्यूज बसवून यायच्या. दिवेलागणीला दिवा लावला की हात जोडायचे, ही घरची रीत तर त्यांनी थेट मंडळात नेली होती. त्यांच्या हाताखालचे सगळे लाइनमन वीज परत आली की आधी हात जोडायचे, मग बिडी पेटवायचे.

पुढे मंडळ मोडून त्याच्या कंपन्या झाल्या आणि आमच्या भागाचा कारभार एका खासगी कंपनीकडे गेला. ती पाइपने गॅसही देणार होती. काकू म्हणाल्या, "मतलब, आता पोळी तव्यावर असताना गॅसही जाणार?" काका मात्र हरखले होते, कारण उद्घाटनाच्या समारंभात शहरातल्या विजेचा इतिहास सांगायला त्यांना बोलावलं होतं. वेळ पाच मिनिटं. काकांचा इतिहास संस्थानाच्या काळातल्या वीजघरापासून सुरू व्हायचा, आणि पाच मिनिटं नुसता बॉयलर तापण्यातच जायची. "तुम्ही पदवीधर. करा काटछाट," म्हणून त्यांनी मला बसवलं. पण मी एखादा लाइनमन वगळला की त्यांचा चेहरा पडे. "तो वादळात खांबावर चढला होता हो. त्याला कसं खाली उतरवता?" मला एकालाही उतरवता येईना. आपल्या माणसांची नावं चारचौघांत एकदा घेतली जावीत, एवढंच त्यांना हवं होतं, आणि असा मंच पुन्हा मिळणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

समारंभात पाच मिनिटं संपली तेव्हा इतिहास अजून राजेसाहेबांच्याच काळात होता. सूत्रसंचालक पुढे सरकला, "काकाजी, अब समापन कीजिए," आणि तेवढ्यात दिवे गेले. माइक बंद पडला. सवयीने काकांचे हात माफीसाठी वर आले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा लाइनमन ओरडला, "साब, माफी आज कंपनी माँगेगी! आप आगे सुनाओ!" जुनी मंडळी खुर्च्या ओढत मंचाजवळ आली, आणि काकांनी त्या अंधारात खणखणीत आवाजात एकेकाला नावानिशी उभं केलं. ज्याचं नाव येई तो, आणि तो नसेल तर त्याचा सोबती, "हाजिर!" म्हणे. शेवटचं नाव झालं आणि दिवे आले. साऱ्या म्हाताऱ्यांनी चटकन हात जोडले. नेमके तेव्हाच दारातून आत येणारे कंपनीचे मोठे साहेब या स्वागताने गहिवरले, आणि उजवीकडे-डावीकडे वाकून नमस्कार करत मंचापर्यंत आले.

नंतर कंपनीची स्मरणिका छापून आली. मंडळाचा सारा काळ तिच्यात एका ओळीत आटोपला होता: "इससे पूर्व बिजली मंडल था।" मला फार वाईट वाटलं. काकांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "असू द्या. ज्यांचं होतं त्यांनी ऐकलं."

काका आता नाहीत. माझीही जयपुरातून बदली झाली. ती स्मरणिका मी जपून आणली आहे. कधी मुलीला त्यातली ती एक ओळ वाचून दाखवायला बसतो, तिच्यातून एकेक लाइनमन नावानिशी उभा राहतो, आणि आतून जेवायची हाक येते तरी ती ओळ काही संपत नाही.