त्वचेवरून स्नायूंचे ऐकणाऱ्या भदाणे मॅडम

डॉ. इंदुमती भदाणे यांना मी प्रथम भेटले ती धुळ्यात, त्यांच्या तपासणी केंद्रात, नोकरीच्या मुलाखतीसाठी. जळगावहून सकाळच्या एसटीने गेले होते. फिजिओथेरपीची पदवी अगदी ताजी होती आणि प्रमाणपत्रांची फाइल छातीशी घट्ट धरलेली होती. मॅडमनी फाइलकडे पाहिलेदेखील नाही. "ती तिकडे ठेवा आणि या पलंगावर आडव्या व्हा," त्या म्हणाल्या. मी गोंधळून आडवी झाले. त्यांनी माझ्या अंगठ्याखालच्या मांसल भागावर नाण्याएवढी एक चिकटपट्टी लावली, मनगटाशी एक छोटे उपकरण टेकवले. "घाबरू नका, सुई नाही," एवढे म्हणेपर्यंत टक्! माझा अंगठा मला न विचारताच उडाला. मला हसू फुटले. मॅडमही हसल्या.

"इथे येणाऱ्या प्रत्येक मुलाला आपण हेच करतो. जिने स्वतः हा झटका घेतला नाही, तिने तो दुसऱ्याला द्यायचा नाही. सोमवारपासून या."

अशी माझी नेमणूक झाली. आज मॅडम वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत आणि त्यांच्याविषयी लिहायला बसले तर कुठून सुरुवात करू आणि काय गाळू, असे झाले आहे.

मॅडमचे काम काय, हे या गौरवग्रंथाच्या सर्व वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. आपला स्नायू हलतो तो मज्जातंतूतून आलेल्या विजेच्या संदेशावर. तो आकसला की त्याचीही एक बारीकशी लहर उठते. ती लहर त्वचेवर चिकटपट्टी लावून पकडता येते, पडद्यावर टेकडीसारखी पाहता येते. टेकडी केवढी, उशिरा उठली का, पुन्हा पुन्हा उठवली तर टिकते का, यावरून दुखणे मज्जातंतूचे, स्नायूचे की त्या दोघांच्या सांध्याचे, याचा माग लागतो. पूर्वी आमच्याकडे लहान मुलांनाही सरळ सुई टोचूनच तपासत. मॅडम सुईच्या विरोधात मुळीच नाहीत. गरज असेल तिथे त्या स्वतः टोचतात. "पण जे वरून कळतं, त्यासाठी मुलाला आत का टोचायचं?" हा त्यांचा प्रश्न. त्यावर काही सहकारी हसत. मॅडम वाद घालत नसत, पुढचे मूल पलंगावर घेत.

त्यांच्या प्रात्यक्षिकाचा प्रसाद माझ्या सासऱ्यांनाही मिळाला आहे! लग्नानंतर मी जळगावच्या पिंप्राळ्यात राहायला आले. आठवड्यातून दोन दिवस धुळ्याला मुक्काम करावा लागेल म्हटल्यावर आमचे नाना बिथरले. "जळगावात कामं नाहीत का?" एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत. मी मॅडमना फोनवर सांगितले, आता बहुधा जमणार नाही. पुढच्या रविवारी मॅडम एका रिक्षातून आमच्या दारात उतरल्या. हातात पेटीसारखे यंत्र. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी नानांना सहज विचारले, "तुमच्या बोटांना मुंग्या येतात का हो?"

नाना चमकले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. मघापासून कप खाली ठेवून हात झटकताय."

जेवणाच्या टेबलावरच तपासणी झाली. मनगटाशी नस दाबली जात होती. साध्या उपचाराने बरे होण्यासारखे होते. पण नानांचे लक्ष निदानाकडे नव्हतेच. आपली बोटे आपल्या हुकमाशिवाय उडताना पाहून ते लहान मुलासारखे खूश झाले होते. "अहो, पुन्हा करा! आमच्या हिला बोलवा, तिलाही दाखवा!" मॅडम निघाल्या तेव्हा नाना रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि आत येऊन मला म्हणाले, "सूनबाई, धुळ्याची गाडी किती वाजता असते?" माझ्या नोकरीविषयी मॅडमनी त्यांच्याशी अवाक्षरही काढले नव्हते.

आता वैशालीविषयी.

जानेवारीतली कडाक्याची थंडी होती. दोंडाईच्याहून आत्मारामभाऊ आपल्या आठवीतल्या मुलीला पाठुंगळी घेऊन आले. ते मिरचीच्या गोण्या वाहणारा टेंपो चालवत. वैशालीचे हातपाय दोनेक वर्षांपासून कमजोर होत चालले होते. एका मोठ्या शहरात निदान झाले होते: स्नायू झिजत जाण्याचा आजार, औषध नाही, लवकरच चाकाची खुर्ची. शाळा सुटली होती. भाऊ आमच्याकडे उपचाराला आलेच नव्हते.

"बाई, मोठा शहरना डाक्टरनी सांगं, हाई दुखनाले औषध नही," ते म्हणाले. "आते फक्त अपंगना दाखला द्या."

मॅडमही मूळच्या त्याच बाजूच्या. त्या लगेच अहिराणीत बोलू लागल्या. "दाखला देसूत, भाऊ. पन आधी सांगा, सकायले कशी ऱ्हास ती?"

"सकायले चांगली ऱ्हास. भाकरी बी थापस. दुपार व्हयनी का बठ्ठं अंग गळी जास."

मॅडम एकदम ताठ बसल्या. स्नायू झिजण्याचा आजार सकाळ-दुपार पाहत नाही. सकाळी चालणारे आणि दुपारी थकणारे अंग वेगळीच गोष्ट सांगत होते. त्यांनी मला खूण केली, "चला, लावा पट्ट्या."

हातावर तपासणी केली. एकामागून एक सौम्य झटके दिले. पडद्यावर टेकड्या उमटल्या, सगळ्या सारख्या उंचीच्या. काहीच फरक नाही. माझे मन खट्टू झाले. त्या दिवशी भेटीला आलेले एक ज्येष्ठ डॉक्टर मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, एवढ्या मोठ्या ठिकाणचं निदान आहे. कशाला पोरीला दमवता?"

"बरोबर बोललात," मॅडम म्हणाल्या, "तिला दमवायलाच हवं."

त्यांनी वैशालीचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता. थंड स्नायू आपला थकवा लपवतो, हे त्यांनी मला त्याच क्षणी शिकवले. आम्ही गरम पाण्याच्या पिशव्यांनी तिचे हात-खांदे शेकले. मग मॅडमनी तिला खांदे वर उचलून धरायला सांगितले, स्वतःही समोर खांदे उचलून बसल्या. "चला पाहू, कोण आधी हरतं!" वैशाली थकून हसू लागेपर्यंत हा खेळ चालला. मग पट्ट्या खांद्यावर लावल्या आणि पुन्हा झटके सुरू केले.

पहिली टेकडी उंच. दुसरी जरा बुटकी. तिसरी त्याहून बुटकी.

"उतरतंय!" मॅडम ओरडल्या. "बघा, बघा, उतरतंय!" त्यांनी खात्रीसाठी दुसऱ्या खांद्यावर केले. तिथेही तेच. त्या ज्येष्ठ डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडद्यापुढे खुर्ची ओढून बसले. बिचाऱ्या आत्मारामभाऊंना मात्र वाटले, मुलीचे काही तरी उतरले म्हणजे वाईटच. ते रडवेले झाले. मॅडमनी त्यांच्याजवळ जाऊन समजावले: स्नायू शाबूत आहे, मज्जातंतूही शाबूत आहे, दोघांच्या सांध्यावर निरोप पोचता पोचता क्षीण होतो. यावर गोळी असू शकते. "पण भाऊ, ती सगळ्यांना लागू पडत नाही. कोणाचा त्रास वाढवतेसुद्धा. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर देणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी, नेमक्या तिच्या वाईट वेळेला, गोळी दिली. मॅडम तिच्या शेजारी बसून राहिल्या. जेवायलाही उठल्या नाहीत. हळूहळू वैशालीची मान सरळ झाली. मग तिने हात वर नेला, आणखी वर, डोक्यामागे. तिने केस तीन पेडांत विभागले आणि वेणी घालू लागली. वाकडीतिकडी, सैल, पण शेवटपर्यंत.

"बाबा, देख! मन्ही वेनी मीच घाली!"

"बाई, हाई खरं शे ना?" आत्मारामभाऊंनी विचारले आणि ते भिंतीकडे तोंड फिरवून उभे राहिले. मॅडमनी त्यांना उभे राहू दिले.

पुढे जनुकीय तपासणीनेही तेच निदान पक्के केले. वैशाली शाळेत परतली, दहावी झाली, आज दोंडाईच्यात शिवणवर्ग चालवते.

ही बातमी खानदेशभर पसरली आणि आमच्या दारात आईबापांची रीघ लागली. इथे मला मॅडमच्या मोठेपणाची दुसरी बाजू दिसली. बहुतेक मुलांना खरोखरच झिजण्याचा आजार होता, आणि मॅडम ते स्पष्ट सांगत. पहूरचे एक शिलाईकाम करणारे रशीदभाई मुलगा इम्रानला घेऊन आले होते. पडद्यावर काही उतरले नाही. रशीदभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, फिर एक बार देखो ना." मॅडमनी पुन्हा पाहिले, मग त्यांच्या शेजारी बाकावर बसून म्हणाल्या, "भाई, झूठ नहीं बोलूँगी. त्याला तो गोळीचा आजार नाही. पण मी तुम्हाला सोडणार नाही." त्या शब्दाला त्या जागल्या. दर काही महिन्यांनी पहूरला जाऊन त्या त्वचेवरूनच इम्रानचे स्नायू तपासतात. कुठला अजून कामाचा, कुठल्याला आधार हवा, ते पाहून मी व्यायाम ठरवते. इम्रान आता खुर्चीत असतो, बारावीला आहे, आणि मॅडमना पाहिले की आधी चिकटपट्ट्यांचे पाकीट मागतो. त्या कुठे लावायच्या हे त्याला तोंडपाठ आहे.

मॅडमना निवृत्तीविषयी विचारायचे धाडस मी एकदाच केले. त्यांनी नवीन छोट्या यंत्राचे चित्र माझ्यापुढे धरले. खांद्याच्या पिशवीत मावणारे. "हे आलं की मुलांना धुळ्यापर्यंत उचलून आणायला नको. आपण जायचं," त्या म्हणाल्या. ते यंत्र परवाच आले. काल त्यांचा फोन होता: सोमवारी शिरपूरच्या पलीकडच्या पाड्यांवर निघायचे आहे, पाणी आणि जेवण सोबत घ्या.

मॅडम, तुमचे गुडघे तुमच्या उत्साहाला साथ देवोत, डोळे पडद्यावरची बारीकात बारीक लहर अशीच टिपत राहोत, आणि शतकाच्या वाटेवरही तुम्ही आमच्या पुढे चालत राहा. आम्ही तुमच्याहून तरुण आहोत खरे. पण सोमवारी गाडीत तुम्हीच आधी येऊन बसलेल्या असाल, याची आम्हाला खात्री आहे.