जांभळा रंग चढेपर्यंत

शनिवार पेठेत हातगाडीवर जांभळं दिसली की मला प्रयोगशाळेतली ती दुपार आठवते. उंदराच्या गर्भाच्या मेंदूचे शेवटचे उरलेले काप काचांवर चिकटवून मी रंगाच्या द्रावणाच्या डबीत ठेवले होते; जनुक जागं असेल तिथेच हा रंग आधी चढतो. आम्ही अभ्यासत होतो ते जनुक मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात, पुढच्या बाजूला जागं असतं आणि मागे निजलेलं, असं माझ्या प्रबंधाचं म्हणणं होतं. म्हणजे जांभळा रंग पुढेच चढायला हवा होता. काचा लवकर काढल्या तर काहीच दिसणार नव्हतं, उशीर झाला तर सगळंच जांभळं होऊन बसलं असतं. मी सारखी डबी उघडत होते. "अहो, सारखं झाकण उघडून दही लागत नाही," शेजारी बसलेल्या माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. पुढची कड गडद झाली, मग मागेही पुसटशी छटा आली. "थांबवू?" मी विचारलं. "अजून नाही," त्या म्हणाल्या.  मागची छटा वाढतेय असं वाटलं आणि मी त्यांना न विचारता, रंग थांबावा म्हणून काचा उचलून पाण्यात बुडवल्या. मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या, मग सरकून मला जागा दिली. पुढे गर्द जांभळं, मागे जवळजवळ पांढरं. "माझं ऐकलं असतंत तर हे गेलं असतं," एवढंच म्हणून त्या चहा सांगायला उठल्या. आता माझे विद्यार्थी काचा रंगात ठेवतात, तेव्हा मी मुद्दाम खोलीबाहेर जाते.