निपाणीपर्यंतचा परदेश

सकाळच्या निपाणी गाडीत तो रोज माझ्या शेजारी बसायचा. गाडीनं कोल्हापूर सोडलं, की गळ्यातला टाय काढायचा, नीट घडी करून डब्याच्या पिशवीत सारायचा. संध्याकाळी परतताना कागल आलं, की पुन्हा बांधायचा. कर्ज काढून मुंबईत परदेशी व्यापाराची पदवी घेतलेला हा माणूस निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती मोजत असे.

"परदेशी व्यापारच की, पावणं! निपाणी कर्नाटकात हाय न्हवं?" असं म्हणून स्वतःच हसायचा. मला त्या हसण्याची चीड यायची.

"पगारात व्याज तेवढं भागतंय," तो एकदा म्हणाला. "मुद्दल हाय तसं हाय. पर आमच्या आबांना ठाव न्हाय. त्यांना वाटतंय, पोरगं सायेब झालं."

एकदा परतताना त्याला झोप लागली. स्टँडवर मी हलवून उठवलं, तसा तो धडपडत, टायशिवायच खाली उतरला. न्यायला आलेल्या वडिलांनी, त्याच्या आबांनी, त्याच्या गळ्याकडं पाहिलं आणि सरळ डब्याच्या पिशवीत हात घालून टाय बाहेर काढला.

"ह्यो बांध आधी," म्हातारा दबक्या आवाजात खेकसला. "जामीनदार समोर उभा हाय."