मेलेल्या भाषेत पाणी मागणारी दोघं

वर्ल्ड कपच्या आधी दोहातले रस्ते इतके खणून ठेवले होते की वेस्ट बेच्या ऑफिसातून दुहैलला घरी यायला रोज नवी वाट शोधावी लागे. त्याच हिवाळ्यात माझे वडील परभणीहून आमच्याकडे आले. जन्मभर एसटी स्टँडवर कंट्रोलर. बोलल्याशिवाय घास उतरत नाही असा माणूस. येण्यामागे त्यांचा एकच हट्ट होता: नातीच्या तोंडून मराठी ऐकायचं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. बाबांनाही कामापुरतं इंग्रजी येतं, पण तोंडातून काढायचं नाही असं त्यांनी जाहीरच केलं होतं. "लेकराशी बोलायला मला कशाला लागतंय इंग्रजी?"

"जेवलीस का गं, बाळा?"

"येस, आजोबा."

झालं. गप्पा संपल्या.

तेवढ्यात शाळेने वर्ल्ड कपनिमित्त वर्गावर्गांना देश वाटून दिले. माझ्या लेकीच्या वर्गाला ब्राझील आला. बाकीच्या पोरांनी फुटबॉल आणि नाच उचलला. आमच्या बाईसाहेबांनी तिथल्या जंगलातली एक मेलेली भाषा शोधून काढली. कुणा प्रवाशाने जाता जाता टिपलेले मूठभर शब्द, बाकी काही नाही. ती कुठल्या भाषेची बहीण, कुठलीची मावशी, तज्ज्ञांनाही ठाऊक नाही. बोलणारं कुणी उरलेलं नाही.

"ममा, हाऊ कुड दे जस्ट लेट इट डाय?" डोळ्यांत पाणी आणून ती मला विचारत होती. मला! मी चपात्या लाटत होते, लाटतच राहिले.

शब्द पाठ करून घ्यायला घरात रिकामा माणूस एकच, तेव्हा बाबा बसले. उच्चार चुकला हे सांगायला पृथ्वीवर कुणी नव्हतं, त्यामुळे दोघांचा आत्मविश्वास दांडगा. आठवडाभरात ती त्या भाषेत पाणी मागू लागली आणि बाबा त्याच भाषेत 'आग' म्हणत गॅसकडे बोट दाखवू लागले, म्हणजे चहा हवा. चंद्र दिसला की दोघं बाल्कनीतून त्याला त्याच्या त्या नावाने हाका मारायची. हसून हसून बेजार व्हायची. मलाही आधी हसू यायचं, मग डोकं फिरायचं.

"मराठी काय खलास झाल्यावर शिकणार आहेस का गं?" मी एकदा सुनावलंच.

"चिल, ममा."

बाबा परत निघाले तेव्हा विमानतळावर ती त्यांना घट्ट बिलगली. दोघांच्या त्या भाषेत तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण त्या प्रवाशाने पाणी विचारलं होतं, आग विचारली होती, चंद्र विचारला होता. निघताना काय म्हणतात, ते विचारलंच नव्हतं. ती अडली. बाबा वाट बघत थांबले. मीही आस लावून उभी होते, आता तरी मराठीत बोलेल म्हणून.

"प्लीज कम अगेन, आजोबा."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"येस, बाळा," ते म्हणाले. "आय विल कम."