दुसऱ्या मजल्यावरची पडताळणी

फिनेलचा वास आला की मला त्या सरकारी कार्यालयाचा, पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेला जिना आठवतो. माझी धाकटी बहीण आजारपणात अंथरुणाला खिळली होती आणि पडल्या पडल्या मोबाइलवर पदवीचा ऑनलाइन अभ्यास करायची. सरकारी मदत मिळाली नसती तर तिचं शेवटचं वर्ष बुडालं असतं, आणि त्या मदतीसाठी तिने पडताळणीला समक्ष यायलाच हवं होतं. येरवड्याहून रिक्षाने आणून मी आणि कार्यालयाच्या वॉचमनने तिला एका खुर्चीत ओढणीने बांधून खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावर उचलून नेलं. कारकून पोहे खात होते. "घरबसल्या शिकता, मग मदत कशाला लागते?" त्यांनी विचारलं. "बसता येत नाही हो, म्हणून तर," ती शांतपणे म्हणाली. त्यांनी मान वर न करता तेलकट बोटांनी कागदावर खूण केली. "झाली पडताळणी. न्या यांना." तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, तरी मी हात जोडून म्हणालो, "उपकार झाले, साहेब." जिना उतरताना तिने विचारलं, "दादा, उपकार कसले रे?" खुर्ची सांभाळतोय असं दाखवून मी पुढची पायरी उतरलो. मदत मिळाली, ती पास झाली. आता ती नाही. त्या कारकुनाचा चेहराही मला आठवत नाही, पण माझे ते जोडलेले हात आठवतात.