मशीनच्या तेलातले डोंगर

माझ्या बहिणीच्या घरी गेलं की दारातच ऐकू यायचं, "जरा जपून, ओलं आहे." या-बसा त्यानंतर. भिंतीला टेकायचं नाही, कपाटाचं दार उघडताना कोपर आत घ्यायचं, पंखा लावायचाच असेल तर एकवर. घरभर चित्रं होती आणि त्यातलं एकही वाळलेलं नव्हतं. मी एकदा नवाकोरा कोट घालून गेले आणि पाठीवर अर्धा सूर्यास्त घेऊन परत आले. माझं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान आहे म्हणून निभावलं. डाग एका धुण्यात निघाला. रंग इतका सहज कसा गेला, म्हणून माझ्याकडे कामाला असलेली बाई चकित झाली, तर मी तिला ऐटीत म्हटलं, हात कुणाचा आहे.

चित्रं काढायचे ते माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. बाजारामागच्या गल्लीत खाली त्यांची खोली, वर राहतं घर. खोलीच्या दारात एक बाक, बाकावर पोट उघडून ठेवलेली दोन-चार मशीनं, आणि भाऊजी त्यांच्यात नाक खुपसून बसलेले. माणूस अबोल. लग्नात त्यांच्या तोंडून चार शब्द ऐकायला मिळतील म्हणून आम्ही बहिणी टपून बसलो होतो, तर शेवटी आम्हीच कंटाळून उठलो. बोलत नाहीत म्हणून मी त्यांची इतकी चेष्टा करायचे की ताई चिडायची. ते चिडायचे नाहीत. ते चिडायचे एकाच गोष्टीवर, मशीनमध्ये भलतंसलतं तेल घातलं की. कुणी शिंपी स्वयंपाकाचं तेल ओतून मशीन जाम करून आणायचा आणि मग आमच्या मुक्या भाऊजींना वाचा फुटायची.

"हे तेल वाळतं. वाळून त्याचा डिंक होतो. मशीनला कसं तेल पाहिजे? पाण्यासारखं स्वच्छ. आज घातलं आणि दहा वर्षांनी बघितलं तरी ओलंच पाहिजे."

शिंपी मान डोलवायचा आणि पुन्हा तेच करायचा.

चित्रांचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी. धरणाच्या बाजूला गणवेश शिवायचा एक कारखाना होता, तिथे मशीन दुरुस्तीला गेले होते. परतीची बस चुकली. दुसरी येईपर्यंत उतारावर बसून राहिले, समोर पाणी आणि पलीकडे तीन टेकड्या. घरी आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानातून रंगांच्या पुड्या घेऊन आले. ताईने विचारलं हे काय, तर म्हणाले, "ते सगळं तिथेच राहिलं आणि मी इकडे निघून आलो. बरं वाटलं नाही." एवढंच. पुढे आयुष्यभर या विषयावर त्यांनी याहून मोठं भाषण केलं नाही.

शिकवायला कुणी नव्हतं. वाचनालयातून तैलरंगांवरचं एक पुस्तक आणलं, तेही अर्धं फाटलेलं. त्यात लिहिलं होतं, जवसाचं तेल घ्या. भाऊजींनी घेतलं. जाड काचेवर रंगाची पूड आणि तेल घालून बाटलीच्या बुडाने घोटत बसले. पहिलं चित्र झालं. काही दिवसांनी बघतात तर वाटीतल्या उरलेल्या तेलावर साय धरलेली आणि ती चिकट, पिवळी. त्या सायीकडे त्यांनी जसं बघितलं ना, तसं आपण दुधात पडलेल्या झुरळाकडे बघतो. चिकटणारं तेल म्हणजे हलकं तेल, हे त्यांच्या रक्तातच होतं. अशा तेलात आपल्या टेकड्या ठेवायच्या? ते चित्र मला देऊन टाकलं. "कावीळ झाल्यासारखं दिसतंय," म्हणाले. मी ते दुकानात इस्त्रीच्या टेबलामागे लावलं. येतील तेव्हा म्हणायचे, काढ ते. मी काढलं नाही.

आणि मग त्यांनी आपलं तेल घेतलं. मशीनचं. पारदर्शक, बिनवासाचं, कधी पिवळं न पडणारं. हाताशी डबाच होता. रंग त्यात असे खुलायचे की ज्याचं नाव ते. पुस्तकात असंही कुठेतरी होतं की तैलचित्र पुरतं वाळायला फार काळ लागतो, चित्रकाराने धीर धरावा. बाकी पुस्तक विसरले असतील, हे वाक्य त्यांनी गाठीशी बांधलं. धीर धरणं हे त्यांना जन्मजात येत होतं.

दर रविवारी सकाळी काखेत फळी, पिशवीत डबा, आणि धरणाची बस. संध्याकाळी येताना फळी थाळीसारखी दोन्ही हातांवर आडवी धरून यायचे. बसमधली माणसं सरकून जागा द्यायची, त्यांना वाटायचं काही खायचं आहे. चित्रात नेहमी त्याच तीन टेकड्या आणि तेच पाणी. मी म्हणायचे, "भाऊजी, एखादं झाड तरी काढा बदल म्हणून." ते म्हणायचे, "अजून हेच जमलं नाही."

जमलं होतं की नाही ते मला कळत नाही. मला डाग कळतात, चित्रं नाही. पण त्यांच्या पाण्याकडे बघितलं की भर दुपारी त्या खोलीत बरं वाटायचं. मला ती चित्रं मनापासून आवडायची. हे मी त्यांना सांगितलंही. त्यांना वाटलं, ही नेहमीसारखी चेष्टा करते आहे.

खालच्या खोलीतून कापडाची लव वर उडायची आणि ओल्या रंगाला चिकटायची. आभाळाला सगळीकडे बारीक केस फुटल्यासारखे. दर शनिवारी भाऊजी चिमटा घेऊन एकेक आभाळ साफ करायचे. ताई त्यांच्या मागे कपाळाला हात लावून उभी. "दुसऱ्या बायका भांडी घासतात, माझ्या घरात आभाळ घासतात," असं ती म्हणायची, पण दिवा मात्र तीच धरायची. मुलं झाली नाहीत. ती सल दोघांनीही कधी बोलून दाखवली नाही. चित्रं वाढत गेली. पलंगाखाली, कपाटावर, दाराच्या मागे. वाळली की कुठेतरी लावू, असं ठरलं होतं. वाळली की.

मग डोळ्यांचं निघालं. आधी बाजूचं दिसेना. जिन्याच्या कठड्याला खांदा लागायचा, बाकावरचा स्क्रू कोपराने खाली पडायचा. वय झालं म्हणून सोडून दिलं. डॉक्टरकडे मी ओढून नेलं तोवर उशीर झाला होता. काचबिंदू. डॉक्टर माणूस चांगला, पण आडपडदा न ठेवता बोलणारा. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाला, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, थेंब घालत राहा. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसत होतं. बाहेर येऊन भाऊजी बाकावर बसले आणि लग्नापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं.

"एकदा सगळी एका भिंतीवर बघायची आहेत. लोकांनी बघितलेली बघायची आहेत. दिसतंय तोवर."

मी हात धुऊन मागे लागले. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक सभागृह आहे. तिथल्या ग्रंथपालबाई माझ्याच दुकानात कपडे टाकतात, त्यांची मी पाठच सोडली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, एक भिंत देते, आठ दिवसांसाठी, पण चित्रं चौकटीत बसवून आणा, भिंतीला डाग नको. भाऊजींना सांगितलं तर ते उठून उभे राहिले. पुन्हा बसले. मग खाली जाऊन एक मशीन उघडलं आणि लगेच बंद केलं. ताई म्हणाली, "आनंद झाला की ते असंच करतात."

त्यांनी सगळ्यांत जुनी चित्रं निवडली. ती तरी पुरती वाळली असतील, हा हिशेब. मी, भाऊजी आणि रिक्षात आडवी ठेवलेली पाच चित्रं, असे आम्ही फ्रेमवाल्याकडे गेलो. फ्रेमवाला वयाने लहान, पण कामात मुरलेला. पहिलं चित्र उचलताना त्याचा अंगठा कडेला टेकला. त्याने अंगठा बघितला. पुसला. मग दुसऱ्या चित्राच्या कोपऱ्याला मुद्दाम बोट लावलं.

"काका, ही कधी काढलीत?"

"हिच्या बहिणीशी माझं लग्न झाल्यावर दोन-तीन वर्षांनी," भाऊजी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. म्हणजे नक्की कधी, म्हणून फ्रेमवाला माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "फार जुनी आहेत. माझे केस काळे होते तेव्हाची."

"मग ओली कशी?" त्याने चित्र उजेडात तिरकं धरलं. तेव्हा मलाही दिसलं. उभं ठेवून ठेवून रंग खाली सरकला होता. आभाळ टेकड्यांवर उतरलं होतं आणि टेकड्या पाण्यात. रोज बघणाऱ्याला ते कळलं नसणार, आणि आता तर त्यांना एका वेळी हातभर जागाच दिसत होती. "तेल कुठलं वापरलंत?"

भाऊजींनी सांगितलं. सांगताना आवाजात जरा ताठा होता. स्वच्छ तेल आहे, पिवळं पडत नाही, म्हणाले.

फ्रेमवाल्याने समोरच्या माणसाच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. काउंटरवरचं फडकं घेऊन तो उगीच बोटं पुसत राहिला. आणि भाऊजी स्वतःच हळू आवाजात म्हणाले,

"मशीनचं तेल वाळत नाही."

आणि चित्र परत घेत, "वाळायलाच नको असतं ते."

सगळ्या गावच्या शिंप्यांना जे आयुष्यभर ओरडून सांगितलं ते त्यांनी स्वतःला कधी सांगितलंच नव्हतं. दुकान खाली, चित्रं वर, मध्ये एक जिना. त्या जिन्यावर ही गोष्ट कधी चढलीच नाही. मला रडूही आलं आणि त्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. चित्रं पुन्हा रिक्षात ठेवली.

हार मानायचा माझा स्वभाव नाही. काच लावून काही होईल का, विचारलं. फ्रेमवाला म्हणाला, काचेला चिकटतील. उन्हात ठेवू? अजून वाहतील. मी ग्रंथपालबाईंकडे गेले, त्या हळहळल्या, पण भिंतीला डाग नको, यावरून मागे हटल्या नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच होतं. माझ्या दुकानातलं कावीळ झालेलं चित्र खडखडीत वाळलेलं होतं. म्हटलं, भाऊजी, हे लावू, निदान एक तरी. "ते माझं नाही," म्हणाले. शेवटी मीच जवसाचं तेल घेऊन गेले. नव्याने एकच काढा, म्हटलं, तीन टेकड्या, तुम्हाला तर पाठ आहेत. माझं मन राखायला ते बसले. फळीची कडा त्यांना दिसत नव्हती. टेकडी फळीवर सुरू झाली आणि टेबलावर जाऊन संपली. ब्रश खाली ठेवून त्यांनी टेबल पुसून घेतलं. पुन्हा बसले नाहीत, आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.

हिवाळा संपता संपता मधलंही दिसायचं गेलं. खालची खोली बंद झाली, मशीनं शिंप्यांनी नेली. भाऊजी वर खिडकीपाशी खुर्चीत बसू लागले.

गेल्या महिन्यात मी गेले तर ताईने त्यांच्या मांडीवर जुनी चादर पसरली होती आणि चादरीवर एक चित्र. भाऊजी त्यावरून बोटं फिरवत होते. सावकाश, शिंपी कापडाचा पोत बघतो तसं. पाणी आणि आभाळ एक झालं होतं, टेकड्यांच्या जागी तपकिरी राड होती. बोट जाईल तिथून खालची फळी उघडी पडत होती. मी पुढे झाले तर ताईने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांना एवढंच बघता येतं."

भाऊजींना माझी चाहूल लागली. बोट मध्यावर टेकवून म्हणाले, "ही मधली टेकडी. बरोबर ना?"

मी म्हटलं, "बरोबर."

"होती, म्हण," ते म्हणाले. "मला कळतं हाताखाली."

ताईने फडकं ओलं करून त्यांची बोटं एकेक करून पुसली. त्यांनी पुसू दिली. मग हात तसाच पुढे धरून ते म्हणाले, "दुसरं दे." पलंगाखाली आता चारच उरली होती. ताई वाकली आणि त्यातलं एक तिने काढलं.