एका हाताने वाजवलेला सॅक्सोफोन

माझ्या एका विद्यार्थिनीच्या काकांनी बाभुळगावच्या बँड पार्टीत तीस वर्षं सॅक्सोफोन वाजवला. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. ओठ नीट मिटेनात, कोपऱ्यातून हवा निसटायची. पार्टीने त्यांना घरी बसवलं.

मी यवतमाळला शाळेत संगीत शिकवते आणि डबल बास वाजवते. व्हायोलिनच्या घराण्यातलं, पण माझ्याहून उंच वाद्य. मी काकांना म्हटलं, "माझ्यासोबत वाजवा. गाणं नाही, ताल नाही, आधी काही ठरवायचं नाही. तुमच्यातून जे निघेल, त्याला मी उत्तर देईन. फ्री जॅझ म्हणतात याला."

"हवा सुटते बाई माही. लोक हासतीन."

"सुटू द्या."

आठ महिने ते दर रविवारी माझ्या घरी आले. मग कळंबच्या एका वाचनालयात आमचा पहिला कार्यक्रम ठरला. दुसऱ्या रांगेत पार्टीतली जुनी माणसं बसलेली दिसली तसे काका थबकले. "यायले कोनं बोलावलं?"

मीच बोलावलं होतं. ते सांगायचा मला धीर झाला नाही.

मी जाड तारेवर गज ओढला. काकांचे दोन सूर उमटले आणि मग नुसती हवा, फस्स. मागे कुणीतरी हसलं. काकांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि मान खाली घातली.

मी थांबले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. मी तारा छेडल्या, लाकडावर बोटं वाजवली, मधे मधे त्यांच्यासाठी जागा सोडली. प्रत्येक जागा रिकामीच गेली. आता हे उठून जाणार, आणि दोष माझा, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात काकांनी डाव्या हाताने ओठाचा लुळा कोपरा दाबून धरला आणि एकट्या उजव्या हाताने सॅक्सोफोन तोंडाशी नेला. एकच सूर निघाला, खरखरीत, जरासा हलणारा. मी गजाने तोच सूर धरला. त्यांचा सूर माझ्या सुराला घासत राहिला, मी सोडला नाही. पुन्हा कुणी हसलं नाही. टाळ्या मात्र थोड्याच पडल्या.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "त्यायले तुमीच बोलावलं ना?"

"हो. त्यांनी ऐकावं असं वाटलं मला."

"मले आधी सांगाले पाह्यजे होतं."

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, ते ओठाच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावून.